मनगटावरची ओढ

शनिवारी संध्याकाळी घरी आल्यापासून सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारातल्या वॉचमनला नमस्कार करेपर्यंत हर्षल मगदूमला तोंड उघडायची वेळच यायची नाही. त्यामुळे सोमवारचा तो पहिला नमस्कार नेहमी घोगरा निघायचा. वॉचमन विचारायचा, "सर्दी झाली का साहेब?" आणि हर्षल म्हणायचा, "हो, थोडी." सर्दी झाली म्हणणं सोपं होतं.

तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागातली यंत्रं सांभाळायचं त्याचं काम. आई होती तोवर घरात निदान "दूध वर आलं बघ" एवढं तरी कुणी ओरडायचं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाचं वय बघताबघता निघून गेलं होतं. कुणी मुद्दाम थांबवलं नव्हतं आणि कुणी पुढंही ढकललं नव्हतं.

त्याच विभागात मृणाल चौगुले इन्चार्ज सिस्टर होती. त्रेचाळिशीची, आठ वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेली, सांगलीत स्वतःच्या दोन खोल्यांत मजेत राहणारी. चाळिशी उलटल्यावर ती पोहायला शिकली होती आणि कुणी विचारलं नाही तरी त्याबद्दल सांगायची. हर्षल दोन वर्षं तिच्याकडे बघत होता. मार्चातल्या एका दुपारी कॅन्टीनमध्ये गर्दी ओसरल्यावर त्यानं धीर केला आणि विचारून टाकलं.

मृणालनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"मगदूम, तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगते. माझ्या मनात तुमच्याबद्दल तसं काही नाही. आणि पुढं कधी येईल असं समजून थांबूही नका."

"माझं काही चुकलं का, सिस्टर?"

"विचारण्यात काय चुकलं? फक्त परत विचारू नका. एवढंच."

"हो, हो. सहज विचारलं," हर्षल म्हणाला, आणि आपण सहज म्हणालो याचीच त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच वागली. "सहा नंबरचा पंखा आवाज करतोय, बघता का?" असं नेहमीच्याच आवाजात म्हणाली. तिनं टाळलं असतं, रागावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. आपल्या त्या प्रश्नानं तिच्या दिवसावर ओरखडासुद्धा उमटला नाही, हे त्याला सोसवेना.

त्या विभागात 'ओढ' नावाचं यंत्र येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. ओढ हे नाव सिस्टर लोकांनी दिलेलं. कल्पना तशी साधी. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतरावर पडत नाहीत. श्वासाबरोबर, मनातल्या विचाराबरोबर ते किंचित मागंपुढं होत असतात, आणि हे मागंपुढं होणं प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. दोन माणसं एकमेकांच्या निकट राहिली, की दोघांची ही चाल हळूहळू जुळत जाते. आईच्या छातीवर निजलेल्या बाळाच्या बाबतीत ती सर्वांत लवकर जुळते. त्वचेखाली काही संथ मज्जातंतू असतात. हळुवार स्पर्शाची खबर ते मेंदूच्या अशा भागात पोहोचवतात, जिथं शब्द नसतात. फक्त 'आपलं' आणि 'परकं' एवढाच निवाडा असतो. रोज तासन्‌तास एकच चाल त्या वाटेनं आत गेली आणि आपल्या चालीला तिकडून उत्तर येत राहिलं, की मेंदू निवाडा देऊन टाकतो: हे आपलं.

ज्या बाळांना आई छातीशी धरू शकत नाही, त्यांच्यासाठी हे यंत्र होतं. आईच्या मनगटावर एक पट्टी, काचेच्या पेटीत बाळाखाली एक पातळ गादी. आईच्या हृदयाची चाल गादीतून बाळाला कळायची, बाळाची पट्टीतून आईला. कंप इतका सूक्ष्म, की जाणवायचासुद्धा नाही. पण बाळं वजन धरायची, श्वास विसरेनाशी व्हायची. एका पट्टीला एकच धागा, म्हणजे एकच बिनतारी जोड द्यायची, हा मात्र नियम होता, नाहीतर चालींची सरमिसळ व्हायची. धागा तुटला तर गादी जुनी साठवलेली चाल वाजवत राहायची. पण तिला कुणाचं उत्तर नसे, आणि बाळांना ते कसं कोण जाणे, बरोबर कळायचं.

एप्रिलमध्ये जतकडून एक मुलगी आली. सातव्या महिन्यात जन्मलेली, अकराशे ग्रॅमची. तिची आई बाळंतपणातच गेली होती. बाप सिद्राम ट्रकवर ड्रायव्हर; दर रविवारी यायचा आणि टोपी हातात धरून काचेपलीकडं उभा राहायचा. सिस्टर लोकांनी मुलीचं नाव मुंगी ठेवलं. अशा बाळांना विभागातलीच कुणीतरी बाई आपली चाल उसनी द्यायची. मुंगीसाठी मृणालनं पट्टी बांधली. तीन आठवड्यांत मुंगी तेराशे चाळीसवर गेली. पेटीजवळ मृणाल आली, की ती डोळे मिटलेलेच ठेवून तोंड तिकडं वळवायची.

पट्ट्यांची महिन्यातून एकदा तपासणी असायची. हर्षलनं एक पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधायची, जी तपासायची तिच्याशी धागा जोडायचा, चार मिनिटं आकडे बघायचे आणि धागा पुन्हा बाळाला द्यायचा. मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी मृणालच्या पट्टीची पाळी आली. ती तेव्हा वॉर्डात पट्टी घालून काम करत होती. चार मिनिटं झाली. आकडे ठीक होते.

हर्षलनं धागा परत दिला नाही.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याच्या मनगटावर काहीच जाणवत नव्हतं. तरी त्याला वाटलं, खोलीत कुणीतरी आहे. मग त्यानं पट्टी बाहीखाली सरकवली आणि पडद्यावर मुंगीच्या नावापुढं धागा जोडलेला असल्याचा हिरवा ठिपका कायम दिसत राहील अशी व्यवस्था केली. त्याला पुरती तीन मिनिटंही लागली नाहीत. आजचा दिवस फक्त, असं तो स्वतःशी म्हणाला. मुंगीनं आता चांगला जीव धरलाय, जुन्या चालीवर एक दिवस काढेल. दुसऱ्या दिवशीही तो हेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी काही म्हणायची गरज उरली नाही.

दोन दिवसांतच मृणाल कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी येऊन बसली. "आज भडंग आणलंय, घ्या," म्हणाली. आणखी दोन दिवसांनी त्याला जेवायला उशीर झाला, तर ती डबा न उघडता थांबली होती. त्याच्या आवाजानं तिची मान वळायची. तो यंत्राखाली आडवा होऊन स्क्रू पिळत असताना ती उगाचच जवळ येऊन उभी राहायची आणि काय विचारायला आलो हे विसरायची. पहिल्याच रविवारी त्याला ताप होता आणि दुपारी फोन वाजला.

"मगदूम, बरे आहात ना? काही नाही, उगाच जीव घाबरा झाला."

त्या रविवारी त्याच्या घरात माणसाचा आवाज झाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच उभा राहिला. आपण काय केलं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. तरीही त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद त्याला लपवता येत नव्हता.

पुढच्या गुरुवारी ड्यूटी संपल्यावर मृणालनं त्याला कृष्णेच्या घाटावर बोलावलं. पायऱ्यांवर शेंगावाला बसला होता, काही बायका कपडे पिळून टोपल्यांत भरत होत्या. ती पाण्याकडं बघत बोलली.

"मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. अगदी मनापासून म्हटलं होतं. आणि आता मला माझंच कळेना झालंय. सकाळी उठल्याबरोबर तुमची आठवण येते. विचार करून बघते, तर मन म्हणतं, नाही, हा माणूस आपला नाही. आणि अंग म्हणतं, जा. असं कधी झालं नव्हतं मला. लग्नातसुद्धा नाही. मला भीती वाटते, मगदूम. वेड लागायच्या आधी असं होतं का हो?"

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच्या जिभेवर शब्दही आले होते: सिस्टर, वेड नाही, पट्टी काढा. एवढंच म्हणायचं होतं.

त्यानं तिचा हात हातात घेतला. "होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "मनाला उशिरा समजतं."

तिनं हात काढून घेतला नाही.

तिकडं मुंगीचं वजन वाढायचं थांबलं होतं. विभागप्रमुख डॉ. फरीदा मुजावर रोज सकाळी तक्ता बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. तेराशे चाळीस. तेराशे वीस. रक्त तपासलं, दूध बदललं, जंतुसंसर्ग शोधला. काही सापडेना.

"हर्षल, ओढ नीट चालतेय ना तिची?"

"हो मॅडम. हिरवा ठिपका आहे की."

"तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं."

बाराशे नव्वद. रविवारी सिद्राम आला. त्याला काचेतूनही फरक कळला. त्यानं हर्षललाच थांबवलं, कारण हर्षलच्या हातात पाना होता. "साहेब, मशीनवाले तुम्हीच नव्हं? जरा बघा की. लेकरू बारीक दिसतंय." हर्षल "बघतो" म्हणाला आणि पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला. शोधायचं काहीच नव्हतं. त्याला फक्त मान खाली घालायला जागा हवी होती.

सोमवारी दुपारी मुंगी श्वास घ्यायला विसरली. घंटा वाजली, मृणाल धावली, डॉक्टर धावल्या. काचेच्या पेटीच्या गोल झरोक्यांतून चार हात आत गेले. ते मूठभर अंग निळसर पडलं होतं. मृणाल तिच्या तळपायांना टिचक्या मारत म्हणत होती, "घे गं, घे श्वास, मी आहे, मी आहे ना." पण ती नव्हती. ती तेरा दिवस तिथं नव्हती. ती जिथं होती ते मनगट दाराशी उभं होतं, आणि भीतीनं धडधडणाऱ्या तिच्या हृदयाची चाल त्या मनगटात उतरत होती.

एक मिनिट दहा सेकंदांनी मुंगी रडली. रडली म्हणजे मांजरीच्या पिलानं जांभई द्यावी तसा आवाज आला.

हर्षल यंत्रांच्या खोलीत गेला. त्यानं धागा मुंगीला परत दिला, ठिपक्याची लबाडी पुसली, स्वतःची पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि जमिनीवर बसला. कुणाला काही कळलं नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. चौथ्या दिवशी मुंगीचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "काय झालं होतं देव जाणे." हर्षलनं ते ऐकलं आणि काही बोलला नाही. बोलला नाही याची लाज वाटली, आणि निभावलं म्हणून हायसंही वाटलं.

नवव्या दिवशी मृणाल यंत्रांच्या खोलीत आली. तिनं दार लोटून घेतलं. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी निवलेला होता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "किती दिवस स्वतःशी भांडायचं? अंग एवढं सांगतंय, तर त्यात काहीतरी खरं असेलच की. मार्चात तुम्ही विचारलं होतं ना? तर हो."

हा शब्द ऐकण्यासाठी त्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती. तो समोर आला, आणि त्याला तो उचलता येईना. तिला खरं वाटत होतं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगणारा या जगात तो एकटाच होता.

"सिस्टर, बसा," तो म्हणाला. "मला काही सांगायचंय."

त्यानं सांगितलं. उभ्यानं, तिच्याकडं न बघता, यंत्राचा दोष सांगावा तसं क्रमानं सांगितलं.

"कुठल्या दिवसापासून?" तिनं विचारलं.

"पाच मेपासून."

"घाटावर गेलो तेव्हा चालू होतं?"

"हो."

"मी विचारलं, वेड लागतंय का. तेव्हा?"

"हो."

"हात धरलात तेव्हा."

"हो, सिस्टर."

"आणि मुंगी निळी पडली, तेव्हा तुम्ही दारात उभे होता. मी बघितलं होतं तुम्हाला. मला वाटलं, बिचारे किती घाबरलेत." तिनं मनगटावरच्या पट्टीकडं बघितलं. ती काढायला तिचा हात गेला, आणि मुंगीची आठवण येऊन तिथंच थांबला. "आता बंद आहे ना तुमचं?"

"नऊ दिवस झाले."

"मग मला हे अजून का वाटतंय?"

"ओढ एकदा बसली की लवकर जात नाही. बाळांमध्ये ती जाऊ नये म्हणूनच..." त्याला वाक्य पुरं करवलं नाही.

मृणाल उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. त्याला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मी तुम्हाला नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते माझं होतं. तेवढं तरी माझं ठेवायचं होतं."

मग ती डॉ. मुजावरांकडं गेली.

चौकशी झाली. हर्षलनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं जे होतं ते त्यानं आधीच पुरेसं लपवलं होतं. नोकरी गेली, परवानाही गेला. पोलिसांत तक्रार झाली, तिचं पुढं जे व्हायचं ते रीतसर सुरू झालं. यंत्र बनवणाऱ्यांनी देशभरातल्या पट्ट्यांना नवं कुलूप घातलं. आता ज्याच्या मनगटावर पट्टी आहे त्याच्या संमतीशिवाय धागा बदलता येईना. सिद्रामला सगळं सांगणं डॉक्टरांनी हर्षलवरच सोडलं. सिद्रामनं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला घरी कुणी न्हाई व्हय?" हर्षलनं मान हलवली. "तरी पण," सिद्राम म्हणाला, "तिलाबी कुणी नव्हतं की." आणि तो निघून गेला.

उरली मृणालची ओढ. तिला झोप लागेना. बाजारात हर्षलच्या उंचीचा माणूस पाठमोरा दिसला तरी तिची पावलं तिकडं वळायची, आणि मग ती घरी येऊन थंड पाण्यानं अंघोळ करायची. डॉ. मुजावरांनी बरंच वाचून, चार जणांना विचारून एक उपाय काढला. अशी ओढ विसरून जात नाही. दूर राहिलं तर ती कोंडून आणखी वाढते. ती उतरते समोरासमोर. ज्याची ओढ, तो माणूस समोर बसवायचा, आणि आपल्या चालीला त्याच्याकडून काहीही उत्तर येऊ द्यायचं नाही. स्पर्श नाही, बोलणं नाही. मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं, की हा परका. किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं.

"तू येशील का?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. आवाजात पूर्वीची माया नव्हती. "तिची तयारी आहे. तुझ्यावर जबरदस्ती नाही."

"येतो मॅडम."

दर गुरुवारी साडेचारला, डॉक्टरांच्या खोलीत, अर्धा तास. दोन खुर्च्या, मधे टेबल, भिंतीवर पडदा. दोघांच्या छातीला तारा, पडद्यावर दोन रेघा. डॉक्टर कोपऱ्यात बसायच्या. मृणाल त्याच्याकडं बघायची. पहिल्या गुरुवारी तो दारातून आत आला, तशी तिची रेघ उसळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की ओढीचं ते तिलाही सांगता आलं नसतं. हर्षल मांडीवर हात ठेवून बसला. त्याला कुठंही बघायची मुभा होती. तो टेबलाच्या कडेला निघालेल्या सनमायक्याच्या पापुद्र्याकडं बघत राहिला.

असे गुरुवार गेले. जून गेला, जुलै गेला. मुंगी दोन किलोची होऊन बापाच्या बहिणीच्या कुशीतून घरी गेली. हर्षल आता कुपवाडला पंप दुरुस्त करायच्या दुकानात बसू लागला होता. आठवडाभर तो गुरुवारकडं डोळे लावून असायचा, आणि ही गोष्ट तो स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलू शकत नव्हता. ती त्याच्याकडं बघत होती ती त्याला आपल्यातून उपटून टाकण्यासाठी. तरी ती अर्धा तास त्याच्याकडं बघत होती. गुरुवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट काढायचा, मग लाजेनं परत ठेवून चुरगळलेला घालायचा.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी तो आत आला. मृणाल खुर्चीत बसलेली होती. केस ओले होते. पोहून थेट आली असावी. तारा लागल्या. पडदा उजळला.

तिची रेघ हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती त्याच्याकडं बघत होती, खिडकीबाहेरच्या झाडाकडं बघावं तसं. मग तिनं एक लांब श्वास सोडला, आणि तिचा चेहरा हळूहळू उलगडला.

"मॅडम," ती हलक्या आवाजात म्हणाली, "गेलं."

डॉक्टर उठून पडद्याजवळ आल्या. "हो, गेलं. चार-पाच गुरुवार उतरतच होतं. आज काहीच नाही."

मृणाल हसली. ते हसू त्याच्यासाठी नव्हतं, त्याच्याविरुद्धही नव्हतं. तिनं स्वतःच छातीच्या तारा सोडल्या. उठताना तिची नजर पडद्यावर गेली, दुसऱ्या रेघेवर. ती रेघ उधळलेली होती. वर जात होती, कोसळत होती, परत वर जात होती, सगळ्यांच्या देखत. हर्षलनं छातीवर हात दाबून धरला, जणू तेवढ्यानं ती थांबली असती.

मृणालनं क्षणभर बघितलं. "मला आता परत यायला नको ना, मॅडम?"

"नको."

तिनं पर्स घेतली आणि ती गेली.

डॉक्टरांनी पडदा बंद केला. हर्षल उठला नाही. "मॅडम," तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय. इथं बसून मी दर वेळी मनात म्हणायचो, आज उतरू नये. आजचा दिवस राहू दे."

"माहीत आहे मला," डॉ. मुजावर म्हणाल्या. "रेघेवर दिसत होतं." त्या तारा गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिलाही दिसत होतं, हर्षल. तरी ती दर गुरुवारी आली."

तो जिन्यापर्यंत गेला. खालून स्कूटर स्टँडवरून काढल्याचा आवाज आला. ती निघत होती. जिन्याच्या खिडकीतून फाटक दिसलं असतं. हर्षल खिडकीकडं पाठ करून भिंतीला टेकून उभा राहिला, आणि स्कूटरचा आवाज रस्त्यावरच्या गलक्यात पुरता मिसळून जाईपर्यंत जागचा हलला नाही.